विणेकऱ्यांनी दिलेली सूट

फलटण,
ज्येष्ठ शुद्ध एकादशी

प्रिय दादा,


फोनवर तुझ्याशी धड बोलता येत नाही. अण्णा शेजारीच असतात आणि कानात यंत्र असलं की त्यांना सगळं ऐकू येतं. म्हणून लिहायला बसले.

आधी ऑपरेशनचं. मी येईपर्यंत थांबा, असं तू मस्कतहून म्हणत होतास. ७८ व्या वर्षी भूल द्यायची म्हटल्यावर तुझी भीती खोटी नव्हती. पण खुब्याचं हाड मोडलेलं म्हातारं माणूस जेवढं पडून राहतं, तेवढा छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या धरतात. म्हणून दोन दिवसांच्या आत उरकलेलं बरं, असं सर्जननी समजावलं. सही आईनं केली. "चालतील ना?" एवढंच तिनं विचारलं आणि कागद पुढ्यात ओढला. त्या दिवशी आपल्या घरात सगळ्यात शहाणी तीच होती.

आत नेण्याआधी अंगठी निघाली, कवळी निघाली. तुळशीची माळ मात्र अण्णा काढू देईनात. भूल देणाऱ्या बाईंनी वाद घातला नाही. गळ्यात नको, मनगटावर चालेल का, एवढंच विचारलं आणि माळ मनगटाला गुंडाळून वरून चिकटपट्टी लावली. अण्णा त्यानंतर त्यांचं सगळं ऐकू लागले. औषधाचं पथ्य लोकांनी पाळावं असं वाटत असेल तर त्यांच्या माळेचा मान ठेवावा लागतो. हे त्या बाईंना कळत होतं, बऱ्याच जणांना कळत नाही.

तुला न सांगितलेली गोष्ट दुसऱ्या रात्रीची. अण्णा एकदम एसटीत कामावर रुजू झाले. नर्सकडे सुट्टे पैसे मागायला लागले, लोणंदचे उतरा म्हणून ओरडायला लागले, सलाईन उपटायला गेले. मला त्यांनी ओळखलं नाही. आत्याचं म्हणणं, बाहेरचं काहीतरी आहे, अंगारा आणा. काका म्हणाले, वात झाला. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात आणि मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना तो पुष्कळदा होतो. त्यांनी रक्त तपासलं, सोडियम उतरलेलं निघालं, ते हळूहळू भरून काढलं, झोपेची एक गोळी बंद केली. आणि आम्हाला सांगितलं की चष्मा लावा, कानातलं यंत्र घाला, दिवसा पडदे उघडे ठेवा, ओळखीचा आवाज कानावर पडू द्या. संध्याकाळी हा त्रास वाढतो, तेव्हा तर घरचं माणूस हवंच.

संध्याकाळी अण्णांचं काय असतं हे तुला माहीतच आहे. आईनं दिवेलागणीला हरिपाठ सुरू केला. खोलीत दुसरा पेशंट होता, म्हणून अगदी हलक्या आवाजात. मला तो नीट पाठ नाही, मी मध्येच अडखळले, आणि अण्णांनी डोळे मिटूनच पुढचा शब्द सांगितला. एका संध्याकाळी सगळं निवळलं असं नाही. पुढेही रात्री गोंधळ झाला, पण कमी होत गेला. मला यात चमत्कार दिसत नाही. सोडियम सलाईननं वाढलं. पण ज्या माणसाला दिवस की रात्र कळत नव्हतं, त्याला संध्याकाळ झाल्याचं हरिपाठानं कळलं. घड्याळ आम्ही भिंतीवर टांगलं होतं, त्याकडे ते बघतही नव्हते.

आजारी माणसाच्या श्रद्धेचं कौतुक करणाऱ्यांना तिच्यातली आडमुठी बाजूही दाखवायला हवी. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, जखम भरायला, स्नायू टिकायला प्रथिनं हवीत, अंडी द्या. माळकऱ्याला! आईनं मूग, मटकी, पनीर, दूध, हुलग्याचं माडगं असं सगळं लिहून नेलं आणि त्यांच्याकडून तपासून घेतलं. पुढे एकादशी आली. मधुमेहाच्या गोळ्या चालू, अंगात त्राण नाही, आणि अण्णा तोंड मिटून बसले. डॉक्टर बोलून थकले, मी रडून पाहिलं. शेवटी दिंडीतल्या विणेकऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "अण्णा, आजाऱ्याला उपास नसतो. जेवा." जेवले! आजही सकाळी भाकरी खाल्ली, वर त्यांनाच फोन करून तसं कळवलंही.

चालण्याचं म्हणशील तर, दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं होतं. आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. आमच्या यांनी गंमत म्हणून कॉरिडॉरच्या खिडकीला लोणंद, लिफ्टला तरडगाव अशी नावं दिली, तर अण्णा कडाडले, "वारीची चेष्टा नको." खरं सांगायचं तर त्यांना उभं केलं ते बेडपॅननं. लेकीनं ते उचलावं हे त्यांना सोसेना. कमोडपर्यंत जायचंच, या हट्टानं ते चालायला शिकले.

आता घरी उंच खुर्ची आहे, कमोडवर उंच सीट आहे, झोपताना पायांमध्ये उशी. मांडी, उकिडवं बसणं सध्या बंद. ज्या मोरीत घसरले तिथे दांड्या बसवून घेतल्यात, ते पैसे तुझेच. हाड ठिसूळ झाल्यामुळेच एवढ्याशा पडण्यानं मोडलं, म्हणून त्याचे उपचार बरेच दिवस चालतील. पालखी गावात येईल तेव्हा माउलींच्या दर्शनाला खुर्चीवरून नेऊ. गर्दीत नाही, रस्त्याच्या कडेला. पंढरपूर यंदा नाही, हे त्यांना विणेकऱ्यांनीच सांगितलंय.

तू आषाढीला येतो म्हणतोस. दादा, तेव्हा येऊ नकोस. आत्ता घर माणसांनी भरलेलं आहे. जो तो शहाळी घेऊन येतो, स्वतःच्या ऑपरेशनची कथा सांगतो, आणि त्या सगळ्यांचा चहा आईला करावा लागतो. श्रावणात हे सगळे पांगतील, माझी रजा संपलेली असेल, आणि आईचे गुडघे तर आत्ताच बोलायला लागलेत. तेव्हा तीन आठवडे तरी ये. अण्णांना सकाळ-संध्याकाळ चालवायचं, रात्री उठायचं, आईला झोपू द्यायचं, एवढंच काम. तोवर फोन सकाळी करत जा, दिवेलागणीला नको. आणि तिकीट काढण्याआधी वहिनीशी नाही, माझ्याशी बोल.

तुझी,
धाकटी