जांभळ्या झाकणाची नळी

मे महिन्यापासून पिपेट माझ्या हातात नाही. अंगठा थरथरतो. दोन मायक्रोलीटरचा थेंब तळाशी न जाता नळीच्या कडेलाच चिकटून राहिला, असं दोनदा झालं आणि मी पिपेट विद्यार्थिनीकडे दिली. ती भंडाऱ्याची. हात स्थिर, बोलणं हळू. मी शेजारी बसून फक्त ट्रेस, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा आलेख, वाचते. कागदावर छापून, हातात पेन्सिल घेऊन. यकृताच्या गाठींतला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाचण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि इतकी वर्षं मी एकाच जागी अडत आले आहे: अक्षर क्रमांक 303 ते 315.

सात सी, एक टी, पुन्हा पाच सी. संदर्भक्रम असं सांगतो. प्रत्यक्षात आठ सी येतात, नऊ येतात, एकाच माणसात आठ आणि नऊ दोन्ही सापडतात. मग पुढचे सगळे पीक एकमेकांवर चढतात. दिंडीत दोन टाळकरी अर्ध्या मात्रेनं चुकले की पुढचा अभंग जसा कानाला लागेनासा होतो, तसं. उलट्या बाजूनं वाचत आलं तरी त्याच दारात येऊन थांबावं लागतं. 16,569 अक्षरांच्या त्या वर्तुळात कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त डळमळणाऱ्या जागांपैकी ही एक, आणि नळीत प्रती काढणारं आमचं पॉलिमरेझ घसरतं तेही इथंच. सी वाढला तो गाठीत, की माझ्या नळीत? एकेक नमुना मी तीन-तीनदा लावला आहे. रात्री झोपेतही सी मोजले आहेत.

यकृताकडे मी वळले त्याला कारण होतं. 1974 साली पंचमहाल आणि बांसवाड्याच्या आदिवासी पाड्यांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. बुरशीचं ते विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. 1982 साली नारायण अवधानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की उंदराच्या यकृतात हे विष केंद्रकातल्या डीएनएपेक्षा मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएला कितीतरी जास्त चिकटतं. तो निबंध वाचल्यापासून ओल धरलेला शेंगदाणा मी घरात ठेवू दिलेला नाही.

विषाचा ठसा आपल्यालाच सापडावा, ही माझी हाव होती. गल्लोगल्ली पन्नीत खर्रा घोटणाऱ्या या नागपुरात तंबाखूची खूणही मायटोकॉन्ड्रियातच मिळेल, असं मी विद्यार्थ्यांना छातीठोकपणे सांगायची. 2014 साली सोळाशेहून अधिक गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या गाठींत केंद्रकातल्या डीएनएवर धुराची खूण ठळक असते; मायटोकॉन्ड्रियात ती दिसलीच नाही. तिथले बहुतेक बदल प्रती काढताना होणाऱ्या चुकांसारखे होते. माझं सांगणं चुकीचं होतं.

त्याहून मोठी चूक आधीच झाली होती. सुरुवातीच्या दिवसांत एका परिषदेत मी पोस्टर लावलं: आमच्या अर्ध्याहून अधिक गाठींत 489 व्या जागी टीचा सी झालेला. लोक थांबून वाचत होते. मी नवी साडी नेसले होते, फोटो काढून घेतला होता. काही वर्षांनी कळलं, की 489 चा सी ही एम नावाच्या मातृवंशाची खूण आहे आणि निम्म्याहून अधिक भारतीय त्याच वंशाचे आहेत. मी ताडून पाहत होते तो संदर्भक्रम 1981 साली केंब्रिजमध्ये वाचलेला, 1999 साली दुरुस्त केलेला, एका युरोपीय वंशाचा. पेशंटला आईकडून आलेली ठेव मी रोग म्हणून भिंतीवर टांगली होती. तो फोटो अजून कपाटात आहे, फाडवत नाही.

2005 साली सालास, बांडेल्ट आणि सहकाऱ्यांनी अशा कितीतरी निबंधांची झाडाझडती घेतली. गाठीतले म्हणून छापलेले बरेच बदल नमुन्यांची अदलाबदल किंवा भेसळ यांतून आलेले असावेत, असं त्यांनी दाखवलं. मी तो लेख दार लावून वाचला. तरी आजही माणसं सॉफ्टवेअरनं दिलेली यादी तशीच छापतात, ट्रेस उघडूनसुद्धा बघत नाहीत. मला याचा राग येतो, आणि तो राग मी गिळणार नाही.

गेल्या महिन्यात जुने पॅराफिन ब्लॉक काढले. गाठ आणि तिच्या शेजारचं यकृत, अशा जोड्या. गाठीत नऊ सी, शेजारी आठ. मी खूश. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, पण शेजारचं यकृतही सिरोसिसचंच आहे नं? त्याला निरोगी कसं धरायचं?" मी ब्लॉकवरचा नंबर पुन्हा वाचला. दारू किंवा हिपॅटायटिस बीनं वर्षानुवर्षं जळत आलेल्या यकृतात नव्या पेशी गाठीच्या आधीच उगवत असतात, एकेका पेशीची वस्ती बनत असते, आणि त्या वस्तीचे सी आधीच बदललेले असू शकतात. मग मी कशाची तुलना कशाशी करत होते? पेशंटचं रक्त हवं होतं. त्या ब्लॉकांसोबत कुणी रक्त ठेवलं नव्हतं. मीही मागितलं नव्हतं.

त्या जोड्या मी निकालातून काढल्या. अकरा वर्षांचं काम होतं.

आता नागपुरातल्या, विदर्भातल्या सर्जन मंडळींना एवढंच मागणं आहे. यकृताचा तुकडा पाठवाल तेव्हा पेशंटला विचारून, त्याच दिवशी, दोन मिली रक्तही पाठवा. जांभळ्या झाकणाच्या नळीत, तुकड्याच्याच नंबरानं.