सुई कुणाला?

बदलापूर लोकलमध्ये माणसाला स्वतःचा असा श्वास नसतो. शेजाऱ्याने सोडलेलाच आपण घ्यायचा. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये असाच कुणाचा तरी श्वास मी अंबरनाथला घरी घेऊन आलो. मला तीन दिवस ताप आला आणि गेला. जाताना तो आईला गाठून गेला. तिचे वय ७८, त्यात मधुमेह. तापाचा न्यूमोनिया झाला आणि उल्हासनगरच्या एका इस्पितळात तिने अकरा रात्री काढल्या. बाहेर बाकावर बसून मी एकच विचार करीत होतो, हा ताप घरात आणला कुणी?

आईला तिच्या आजीने १९१८ सालच्या मानमोडीच्या गोष्टी सांगितल्या होत्या. मुंबई बंदरात उतरलेल्या त्या तापाने देशातली एक कोटीहून अधिक माणसे नेली. तोही इन्फ्लुएन्झाच. "तेव्हा सुई नव्हती रे," घरी आल्यावर आई म्हणाली. आता सुई होती. आम्ही ती घेतली नव्हती, एवढेच!

म्हणून यंदा मे महिन्यात सगळे बिऱ्हाड घेऊन मी उल्हासनगरला आमच्या सिंधी डॉक्टरांकडे गेलो. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि लशीचा गुण यायला दोन आठवडे लागतात. तेव्हा पावसाच्या आधीच टोचून घेतलेले बरे.

"सगळ्यांना एकेक द्या," मी म्हणालो.

"साहेब, चप्पल तरी सगळ्यांना एका मापाची घेता काय?" डॉक्टर हसले.

चिरंजीव सात वर्षांचे. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या खेपेस चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पुढे वर्षाला एक. त्यांना हवी होती नाकात फवारायची लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० साली स्वाइन फ्लूवर तशी लस काढली होती. तिच्यात दुबळे केलेले पण जिवंत विषाणू असतात, म्हणून गरोदर बायकांना ती चालत नाही. सुईतले विषाणू मेलेले. तिने फ्लू होत नाही. डॉक्टरांकडे सुईच होती. चिरंजिवांनी हंबरडा फोडला.

मला, सौभाग्यवतींना आणि चौदा वर्षांच्या कन्येला एकेक डोस. आईचा मान पहिला. उतारवयात शरीर लशीला तितकीशी दाद देत नाही. म्हणून अमेरिकेत पासष्टीपुढच्यांना जादा ताकदीची लस देतात. "पण साधी घेतली तरी फायदा आहे," डॉक्टर म्हणाले, "ताप कदाचित येईल, इस्पितळ बहुतेक टळेल." शिवाय हा विषाणू सोंगे बदलणारा; म्हणून सुई दरवर्षी नवी.

निघताना मला बदलापूरची आठवण झाली. तिथे ताईकडे भाची बाळंतपणाला आलेली; बाळ दीड महिन्याचे. "त्याला काय द्यायचे?"

"काही नाही. सहा महिन्यांखाली ही लस देतच नाहीत. आईने गरोदरपणी घेतली असती, तर तिची शक्ती बाळाला मिळाली असती. आता बाळाला उचलणाऱ्या प्रत्येकाने घ्यायची."

मी ताईला फोन केला. भाची लगेच तयार झाली. अंगावर पाजतानाही ही लस चालते. ताईच खळखळ करू लागली. "मला मेलीला काय होतंय? उगाच खर्च!"

"ताई, मलाही काही झालं नव्हतं," मी म्हणालो, "आईला झालं."

पलीकडे ती बराच वेळ गप्प होती. शनिवारी मात्र तिघे आले, ताई, भाची आणि आमचे मेहुणे.

पाऊस सरला. या वर्षी इस्पितळाचा बाक मला दिसला नाही. लशीने की देवाने, ते मी कसे सांगू? गेल्या महिन्यात बाळाला सहा महिने पुरे झाले आणि त्याची पहिली सुई झाली. दुसरी भाऊबिजेच्या सुमाराला आहे. आईने आताच बजावून ठेवले आहे, "त्याला मीच मांडीवर घेणार!"