बसायला आहे का?

चित्रं-शिल्पं बघायला जाताना आखणी करू नये, अशी माझी बरीच वर्षं ठाम समजूत होती. आखणी करायची ती परगावच्या लग्नाची, तीर्थयात्रेची. संग्रहालयात मोकळ्या मनानं शिरावं, पाय नेतील तिकडे जावं आणि डोळे भरेपर्यंत बघावं. लिफ्ट कुठे, स्वच्छतागृह कुठे, चहा कुठे मिळेल, असं तिकीट काढतानाच विचारणारी माणसं दिसली की मी मनातल्या मनात त्यांना खालच्या पायरीवर बसवत असे. दालनातल्या बाकावर टेकलेली माणसं तर माझ्या लेखी बघायला आलेलीच नसत. उन्हातून सावलीला आलीत, असं मी ठरवून टाकायचो.

हा ताठा मी मिरवला तो मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात. आमच्या तोंडी अजूनही ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच आहे. फोर्टात काम निघालं की मी तिथे डोकावायचो. कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर दगड, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट, आत शिरून वर बघितलं की जुन्या वाड्यातल्या लाकडी कमानी आणि कठडे. जॉर्ज विटेटची ही इमारत मला पाठ आहे, असं मी समजत होतो. पण तिच्यात बाक कुठे कुठे आहेत, असं कुणी विचारलं असतं तर मला एकही सांगता आला नसता.

आईला मी तिथे अधूनमधून घेऊन जायचो. डोंबिवलीहून लोकल, सीएसएमटीपासून पुढे पायी, कारण तेवढ्यासाठी टॅक्सी कशाला. मी एकेका मूर्तीपुढे थांबून सांगायचो आणि ती मान हलवायची. दुसऱ्या दालनानंतर मान हलणंही थांबायचं. मग ठरलेलं वाक्य यायचं, "तुम्ही बघून या, मी बाहेर बसते. मला त्यातलं काय कळतंय?"

मला ते वाक्य लगेच पटायचं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. ती बाहेर झाडाखाली बसली की मी मोकळा. पुढे पुढे मी तिला विचारणंच सोडलं. "आईला त्यात गोडी नाही," असं मी माझ्या मुलांदेखत म्हणालो आहे. तिच्या कानावर ते गेलंच असणार. आमचं घर काही तेवढं मोठं नाही.

मग २०१७च्या नोव्हेंबरात तिथे 'भारत आणि जग' हे प्रदर्शन लागलं. लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय यांच्याबरोबर मिळून केलेलं. मी बघून आलो आणि रात्री जेवताना भरभरून सांगत होतो. आई जेवून उठली होती आणि दुसऱ्या दिवशीच्या भाजीसाठी वाल सोलत बसली होती. मध्येच तिनं विचारलं, "तिथं बसायला आहे का रे?"

माझी तार तुटली. मी सोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखाबद्दल बोलत होतो आणि हिला बाकाचं पडलंय. मी म्हटलं, "असेल ना."

"असेल नको. आहे का ते सांग. असलं तर येते मी."

मी गप्प झालो. ती वाल सोलतच म्हणाली, "आणि बायकांचं स्वच्छतागृह? आत आहे की बाहेर यावं लागतं?" मग हळूहळू बाकीचं निघालं. रक्तदाबासाठी तिला लघवीची गोळी होती. बाहेर जायचं म्हटलं की ती सकाळपासून पाणी पीत नसे. माझ्यासोबत म्युझियमला येताना घशाला कोरड पडलेली असायची. गुडघे तर तेव्हापासूनच बोलत होते.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू एवढा रंगात येऊन सांगायचास. मध्येच गुडघ्यांचं कुठे काढू?"

या बोलण्यापाशी मी पुढे कित्येक दिवस अडकून पडलो होतो. गुडघे दुखतात हे सांगण्यापेक्षा 'मला कळत नाही' हे सांगणं तिला सोपं वाटलं. का? तर दुसरं कारण मी एका क्षणात मान्य करीन, हे तिनं ओळखलं होतं. माझ्या आईला मी अडाणी समजतो, हे माझ्याआधी तिला माहीत होतं. आणि मुलाचं मन मोडू नये म्हणून तिनं ते अडाणीपण अंगावर घेतलं. मी कलेवर प्रेम करतो असं म्हणत होतो, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची वेदना मला वाचता आली नव्हती. मूर्तीच्या चेहऱ्यावरचे भाव मी तिलाच समजावून सांगत होतो.

नंतर वाचताना कळलं की हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी मांडला होता. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ साली संग्रहालयात येणाऱ्या थकव्यावर एक लेख लिहिला. त्यांनी केलं काय, तर एका माणसाला मांडलेल्या वस्तू बघायला लावल्या, त्यांच्याविषयी प्रश्न विचारले आणि उत्तरं शोधताना त्याला किती वाकावं लागतं, किती उकिडवं बसावं लागतं, मान किती वाकडी करावी लागते, याचे फोटो काढले. कंटाळा म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो तो पुष्कळदा पाठीतून आणि पोटऱ्यांतून आलेला असतो, हे त्या फोटोंत सरळ दिसतं. बघणं डोळ्यांनी होतं एवढंच मी धरून चाललो होतो. डोळ्यांना तिथवर नेणारे पाय माझ्या हिशेबातच नव्हते.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा संग्रहालयाची भेट आखली. फोन केला. व्हीलचेअर मिळेल का, लिफ्ट कुठून आहे, पायऱ्या किती, स्वच्छतागृह कुठे, सगळं विचारलं. पलीकडच्या बाईंनी एकेक गोष्ट शांतपणे सांगितली. त्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही, हे मला फार लागलं. सुट्टीचा वार टाळला, दार उघडतानाच पोहोचायचं ठरवलं. सीएसएमटीहून टॅक्सी. गोळी घरी परत आल्यावर घ्यायची, असं डॉक्टरांना विचारून ठेवलं. आणि सगळ्यात अवघड गेलं ते हे: फक्त तळमजल्यावरचं शिल्पदालन बघायचं, बाकीचं सोडून द्यायचं.

व्हीलचेअरवर बसायला आईनं साफ नकार दिला. मीही ताणलं नाही. ती थोडं चालायची, बसायची, पुन्हा उठायची. बसल्या बसल्या मी तिला सांगितलं, ही इमारत १९१४ साली बांधून झाली, पण महायुद्धात इथे लष्कराचं रुग्णालय होतं, आणि संग्रहालय म्हणून दारं उघडली ती १९२२च्या जानेवारीत. तिला ते फार आवडलं. "म्हणजे इथं आधी माणसं बरी झाली," म्हणाली.

मग ती मीरपूरखासच्या मातीच्या मूर्तीपाशी थांबली. सिंधमधल्या बौद्ध स्तूपावरचा हा उपासक, हातात कमळ घेतलेला, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचा. विटेसारखा तांबूस रंग, डोक्यावर कुरळ्या केसांच्या ओळी. मी काही सांगणार तेवढ्यात तिनं हातानं थांबवलं. बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "एवढी मोठी मातीची मूर्ती भाजताना तडकली कशी नाही?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. मी शतक सांगत होतो, शैली सांगत होतो. ही वस्तू कुणीतरी ओल्या मातीतून घडवली, वाळवली आणि जीव मुठीत धरून आगीत ठेवली, याचा मी कधी विचारच केला नव्हता. घरी येऊन वाचलं. मोठ्या मूर्ती आतून पोकळ ठेवतात, म्हणजे आच सारखी लागते आणि आत कोंडलेला ओलावा त्यांना फोडत नाही. आईला सांगितलं. "मला वाटलंच," म्हणाली.

सगळंच जमून आलं असं नाही. तिच्या हट्टानं आम्ही लिफ्टनं वर जाऊन लघुचित्रंही बघितली. कागद आणि रंग टिकावेत म्हणून तिथे उजेड मंद ठेवतात, आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांना तो पुरत नाही. ती वैतागली. या वेळी मात्र "दिसत नाही मला" असं तिनं स्पष्ट सांगितलं. "कळत नाही" म्हणाली नाही.

तुमच्याही घरात "तुम्ही जाऊन या, मी थांबते" असं म्हणणारं कुणी असेल. त्यांना गोडी नाही, असं माझ्यासारखं धरून चालू नका. गुडघ्यांचं विचारा, पाण्याचं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. निघायच्या आधी फोन करा, बाक कुठे आहेत ते नि:संकोच विचारा. वारही बघून घ्या: राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी.