शेपटाखालचे चाक

अक्षता पडल्या की लग्न पार पडले असे वधुपित्याला वाटते. पण शेवटची पंगत उठेपर्यंत त्याचे काही खरे नसते. तिसरे चाक शेपटाखाली असलेल्या लहान विमानाचेही तसेच. जमिनीला टेकले म्हणून हुश्श करायची सोय नाही. त्याचा भार पुढच्या दोन चाकांच्या मागे असतो. धावताना जरा तिरपे झाले, की तो भार पुढे यायला पाहतो. शेपूट गर्रकन फिरते, पंख जमिनीला घासतो.

मधल्या सुट्टीत आमच्या वर्गातली पोरे माझीच छडी तळहातावर उभी धरतात. ती कलू लागताच हात हलवावा लागतो. उशीर झाला की संपले! सुकाणूवरचे वैमानिकाचे पाय असेच जागे हवेत.

उड्डाणाच्या धावेतही हा घात होतो. २० मार्च १९३७ रोजी होनोलुलूजवळ अमेलिया इअरहार्टचे विमान असेच फिरून मोडले. इजा कोणालाच झाली नाही. दुरुस्तीनंतर जूनमध्ये ती पुन्हा पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, आणि २ जुलैला पॅसिफिकवर नाहीशी झाली.

आभाळातल्या कसरतींचे कौतुक सगळेच करतात. मला मात्र विमान पुरते थांबेपर्यंत पाय सैल न सोडणाऱ्याचे अधिक वाटते.