थोरला भाऊ

देवळात जाण्याची सवय मला लहानपणापासूनची. गोडी मात्र फार उशिरा लागली. आमचे ख्रिस्ती घराणे अहमदनगरचे. (२०२४ साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले, तोंडी अजून जुनेच येते.) नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे याच नगरात राहून ख्रिस्तकथा भजना-कीर्तनाच्या वळणावर आणली. ती भजने आजोबांनी आमच्याकडून पाठ करून घेतलेली. गाताना माझा आवाज लागे, मन लागत नसे. उपदेश सुरू झाला की मी छताच्या तुळया मोजीत बसे.

धाकट्याने २००३ साली, वडील हयात असताना, वाटणी मागितली. जमीन विकून तो मुंबईस गेला आणि धंद्यात बुडाला. वडिलांचे आजारपण मी काढले. २००९ साली ते गेले, तेव्हाही हा आला नाही. तीन वर्षांनी फोन आला, “दादा, येऊ का?” मी काही न बोलता फोन ठेवून दिला.

त्याच रविवारी एक पाहुणे पाळक आले होते. थकलेले, आवाज बसलेला. त्यांनी लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढला. उधळ्या पुत्राचा दाखला! शंभरदा ऐकलेला. मी तुळयांकडे वळलो. पण त्यांनी धाकट्याला दोन मिनिटांत घरी पोचवले आणि ते थेट शेतावर गेले. थोरला दमून परत येतो आहे, पायांना माती आहे, आणि घरातून गाण्याबजावण्याचा आवाज येतो आहे. तो आत जायला तयार नाही. इतकी वर्षे राबलो, मला कधी एक करडूसुद्धा दिले नाही, म्हणतो.

“हा खोटे बोलत नाही बरे का,” पाळक म्हणाले. “याचा हिशेब चोख आहे. तरी बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. मग तो आत गेला का? येशूने सांगितलेलेच नाही.”

एवढे बोलून त्यांनी पुस्तक मिटले.

मला रागच आला. रात्री वडिलांचे जुने शास्त्र काढून पाहिले. खरेच, पुढे काही नाही. लगेच दुसरा दाखला सुरू होतो. समाधान म्हणजे मनाला गार वाटणे, अशी माझी समजूत होती. त्या रात्री गार मुळीच वाटले नाही. पण माझी सारी तक्रार कोणी ऐकून घेतली होती, ती खोटी ठरवली नव्हती, आणि तरीही मला दारात एकटे सोडले नव्हते. तेव्हापासून रोज एक अध्याय वाचतो. तुळया किती, ते आता विसरलो आहे.

सकाळी मीच फोन केला. तो दिवाळीच्या आठवड्यात आला आणि उंबऱ्याशी थबकला. डोके माझ्याहून पांढरे झाले होते. शेजाऱ्यांकडून आलेले फराळाचे ताट टेबलावर होते, तेच पुढे केले. “जेवून जा,” म्हणणार होतो; तोंडून “राहा” निघाले.

जमिनीचा विषय आम्ही अजून काढलेला नाही.