चळतीचे गणित

कापडाच्या पेढीवर वाढलेल्या त्या अभियंत्याला वडिलांकडून एक सवय मिळाली होती. गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडताना त्यातील खोट आपणच आधी दाखवायची. ती त्याला घरी गेल्यावर दिसली तर पेढीची पत जाते, आपण दाखविली तर वाढते, असे वडील म्हणत. पुढे पेढी सुटली, संगणकाचे क्षेत्र आले. पण भाच्याने एक दिवस पुस्तक विचारले, तेव्हा त्यांना वडिलांची ती शिकवण आठवली.

भाचा इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होता. "मामा, एक छोटा प्रोसेसर मला स्वतः रचायचा आहे. मुळापासून समजेल असे पुस्तक सांगा, पण हाताशी वर्ष एकच आहे," तो म्हणाला. चुकीचे पुस्तक म्हणजे मुलाचे वर्ष वाया. मामांच्या मनात एक नाव तत्काळ आले, तरी ते उच्चारण्यापूर्वी ते थांबले.

ते नाव होते फिलिप कूपमन यांच्या 'स्टॅक कॉम्प्युटर्स : द न्यू वेव्ह' या ग्रंथाचे. इंग्लंडमधील एलिस हॉरवुड या प्रकाशनाने तो १९८९ मध्ये काढला. स्टॅक म्हणजे चळत. गल्ल्यावर नाण्यांची चळत रचली की शेवटी ठेवलेले नाणे पहिल्यांदा हाती येते. संगणकही आकडे असेच ठेवू शकतो. बारा मीटर आणि आठ मीटर कापड, दर पन्नास रुपये. चळतीवर १२ ठेवा, त्यावर ८ ठेवा, 'बेरीज' म्हणा. दोन्ही उचलले जाऊन २० उरतात. त्यावर ५० ठेवा, 'गुणाकार' म्हणा; वर १००० दिसतात. कंस लागत नाही, बरोबरचे चिन्हही लागत नाही. हेवलेट-पॅकार्डचे १९८१ पासूनचे '१२सी' हे व्याजाचे हिशेब करणारे गणकयंत्र ज्यांनी वापरले आहे, त्यांची बोटे ही रीत जाणतात.

या रीतीचा लाभ यंत्राला होतो तो असा. सामान्य प्रोसेसरला प्रत्येक आज्ञेत आकडा कोणत्या खणातून घ्यावा आणि उत्तर कोणत्या खणात ठेवावे हे सांगावे लागते. चळतीच्या यंत्राला नुसते 'बेरीज' पुरते, कारण आकडे कोठे आहेत हे ठरलेलेच असते. त्यामुळे आज्ञा आखूड होतात आणि यंत्र लहान राहते. फोर्थ या भाषेचे जनक चार्ल्स मूर यांनी रचलेला नोव्हिक्स कंपनीचा 'एनसी ४०१६' हा प्रोसेसर सुमारे ४,००० गेटांत बसला होता. एवढ्या आकाराचे यंत्र एका विद्यार्थ्याच्या आवाक्यात येते. कूपमन अशी अनेक यंत्रे उघडून दाखवितात. आकड्यांची चळत वेगळी आणि काम संपल्यावर कोठे परतायचे याची चळत वेगळी का ठेवावी, हेही ते उलगडून सांगतात.

पुस्तक मिळविणे मात्र सोपे नव्हते. नुसता 'स्टॅक' हा शब्द घेऊन शोधले की प्रोग्रॅमिंगची पाठ्यपुस्तके पुढे येतात. यंत्राच्या रचनेचे पुस्तक त्यांत हरवते. लेखकाचे नाव धरूनच शोधावे लागते. छापील आवृत्ती कधीच संपली आहे. परंतु कार्नेगी मेलन विद्यापीठात अध्यापन केलेल्या कूपमन यांनी संपूर्ण मजकूर इंटरनेटवर विनामूल्य खुला केला आहे. म्हणजे पुस्तकाला मोल पडणार नव्हते. प्रश्न होता तो भाच्याच्या वर्षाचा.

मग मामांनी खोट सांगितली. पहिली अशी की लेखक तटस्थ नाही. पुस्तकातील 'विस्क' यंत्रे त्याची स्वतःचीच, आणि तेथे वर्णिलेले 'आरटीएक्स' प्रोसेसर बनविणाऱ्या हॅरिस कंपनीशीही त्याचा संबंध होता. आपल्या मालाचे गुण जो सांगतो त्याचे ऐकावे, पण माप स्वतः घ्यावे. दुसरी खोट मोठी होती. नावातील 'नवी लाट' बाजारात आलीच नाही. सी सारख्या भाषांना चळतीच्या तळाशी दडलेला आकडा वारंवार हवा असतो, आणि तेथे खणांचे यंत्र सरस ठरते. एकाच वेळी अनेक आज्ञा पुढे सरकविण्यातही खणांची यंत्रे पुढे निघून गेली. "नोकरीच्या मुलाखतीत तुला चळतीच्या यंत्राबद्दल क्वचितच कोणी विचारील," असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

भाच्याचा चेहरा उतरला. "मग वाचू कशासाठी?"

"हरलेला मालही कोठे तरी खरा उतरतो," मामा म्हणाले. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी फिले हे यान ६७पी या धूमकेतूवर उतरले, तेव्हा त्यातील कारभार हॅरिसच्या 'आरटीएक्स २०१०' या चळतीच्या प्रोसेसरांकडे होता. शिवाय १९९५ मध्ये आलेल्या जावा भाषेचे आभासी यंत्रही चळतीवरच चालते आणि तिचे लहान रूप अनेक सिमकार्डांत असते. धातूत हरलेली कल्पना आज्ञावलीत टिकून राहिली.

अखेर शिफारस झाली, ती अटींसह. आधी पहिली तीन प्रकरणे वाचावीत, मग थेट सहावे घ्यावे, कारण गुणदोषांची चर्चा तेथे आहे. सोबत खणांच्या यंत्रांसाठी पॅटरसन आणि हेनेसी यांचे पाठ्यपुस्तक उघडे ठेवावे. आणि वाचण्याआधी कागदावर दोन चळती काढून एक बेरीज हाताने करून पाहावी.

त्या रात्री भाच्याने घरातील सुटी नाणी मागून घेतली आणि जेवणाच्या टेबलावर दोन चळती रचल्या. पहिल्या खेपेस वजाबाकी उलटी झाली. कोणते नाणे आधी उचलायचे हेच चुकले होते. मामांनी ते पाहिले आणि मुद्दाम काही सांगितले नाही. थोड्या वेळाने त्याने स्वतःच नाणी पुन्हा रचली.