काकडा, गवळण आणि शेल स्क्रिप्ट

संगणकाला एरवी एकेक करून द्यायच्या आज्ञा एका साध्या मजकूर-फाइलीत ओळीने लिहून ठेवल्या आणि ती फाइलच चालवली, की तिला शेल स्क्रिप्ट म्हणतात. शेल म्हणजे वापरणाऱ्याने टंकलेली ओळ वाचून तिचा अर्थ लावणारी आणि ते काम संगणकाकडून करून घेणारी प्रणाली होय. ही पद्धत युनिक्सच्या घराण्यातली असून त्या घराण्यात १९७३ मध्ये ‘पाइप’ आला, म्हणजे एका आज्ञेतून बाहेर पडणारा मजकूर थेट दुसऱ्या आज्ञेत सोडण्याची सोय झाली. १९७९ मधील बोर्न शेल आणि १९८९ मधील बॅश हे त्याच वंशातले. संग्रहातील निवडक गाणी वाजवणे हे या साधनाचे अगदी किरकोळ काम समजले जाते, कारण त्यात फाइली शोधणे, हव्या त्या गाळून घेणे आणि त्या वाजवणाऱ्या प्रोग्रामच्या हाती देणे एवढ्या तीनच पायऱ्या येतात. शिरूर आणि दौंड येथील दोन नातलग घरांसाठी अशी स्क्रिप्ट लिहिताना प्रस्तुत लेखकाला जो अनुभव आला, त्यावरून मधली पायरी यंत्राच्या हाती फारशी लागत नाही असे दिसते.

शिरूर, ज्याला जुनी माणसे अजूनही घोडनदी म्हणतात, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर आहे, तर दौंड हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे जंक्शन असून तेथून मनमाडकडे जाणारा मार्ग फुटतो. शिरूरहून न्हावरेमार्गे दक्षिणेकडे निघालेला रस्ता भीमा ओलांडून केडगाव-चौफुला येथे पुणे-सोलापूर महामार्गाला मिळतो; हे चौफुला लावणीच्या कला केंद्रांसाठी राज्यभर ओळखले जाते, आणि तुकाराम महाराजांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडकडे जाते तीही याच बाजूने. संगीत बारी आणि दिंडी यांचे इतके जवळचे शेजारपण ज्या मुलखात आहे, तेथील घरांच्या संग्रहात अभंग, काकडा, लावणी, वगातील पदे आणि चित्रपटगीते एकाच फोल्डरात नांदत असतील तर त्यात नवल नाही.

हा संग्रह बहुतांशी मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून घेतलेल्या एमपी३ फाइलींचा होता, त्यामुळे फाइलींची नावे गाण्यापेक्षा ती जिथून उतरवली त्या ठिकाणाची जाहिरात अधिक करत होती. शिवाय त्यांत मोकळ्या जागा होत्या, आणि शेल मोकळ्या जागेवर शब्द तोडत असल्याने ‘तुकाराम महाराज अभंग’ ही एक फाइल त्याच्या लेखी तीन फाइली ठरते. युनिक्समध्ये फाइलीच्या नावात तिरपी रेघ आणि शून्य-बाइट सोडून कोणतेही चिन्ह चालते. म्हणून शोध घेणाऱ्या ‘फाइंड’ या आज्ञेला प्रत्येक नावाच्या शेवटी शून्य-बाइट लावायला सांगणे आणि पुढच्या आज्ञेला तेवढ्याच खुणेवर तोडायला सांगणे हा त्यावरचा पक्का उपाय होय.

देवनागरी नावांचा प्रश्न मात्र याहून बारीक आहे. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा र तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, साधा र त्याखाली नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि त्यापुढे पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. परंतु मजकुरातील ओळी गाळणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा साठवलेल्या चिन्हांची तुलना करते, त्यामुळे एका कळफलकावर टंकलेला शब्द दुसऱ्या कळफलकावर टंकलेल्या नावाशी जुळत नाही. फाइलीच्या आत लिहिलेल्या माहितीवर विसंबावे म्हटले, तर १९९६ मधील जुन्या आयडी३ रचनेत शीर्षकासाठी अवघे ३० बाइट राखलेले आहेत आणि युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तासह, ३ बाइट घेते; म्हणजे ‘ज्ञानेश्वर’ एवढे नाव लिहिले की जागा संपली, अभंगाचे पहिले अक्षरही मावत नाही. नंतरच्या आवृत्तीत ही अडचण राहिली नाही, पण जुन्या फाइलींमधील शीर्षके तुटलेलीच राहिली.

ही सर्व तांत्रिक गाळणी नीट बसल्यावर खरा पेच उभा राहिला तो गवळणीने. पहाटेसाठी गवळणी निवडाव्यात या हेतूने नावात ‘गवळण’ असलेल्या फाइली मागवल्या असता वारकरी भजनातील गवळणींबरोबर तमाशातील गवळणीही आल्या, आणि त्या येणे चूक म्हणता येत नाही. तमाशात गण झाल्यावर गवळण येते, मथुरेच्या बाजारी निघालेल्या गौळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात आणि त्यातून चुरचुरीत संवाद रंगतो. तोच अडवणुकीचा प्रसंग एकनाथांच्या गवळणींतही आहे, फक्त तेथे त्याला भक्तीची डूब आहे. कथा एक, पात्रे तीच, बऱ्याचदा वाद्यांच्या यादीतही फारसे अंतर नाही. ध्वनीच्या विश्लेषणाने ढोलकी आणि मृदंग वेगळे ओळखता येतील असा एक विचार पुढे आला. पण तुळशीवृंदावनासमोर कोणती गवळण चालेल आणि जेवणानंतर ओसरीवर कोणती, हे ठरते ते त्या घराच्या रीतीवर, आणि ती रीत वाद्यावरून ताडता येत नाही. दौंडच्या घरातील ज्येष्ठांनी तमाशातील एक गवळण पहाटेच्या यादीत आवर्जून ठेवली, तर शिरूरच्या घरी एका नामवंत गायकाची भजनी गवळण ‘फार सिनेमासारखी’ म्हणून वगळली गेली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्यच होते.

म्हणून नावावरून निवड करण्याचा भाग स्क्रिप्टमधून काढून टाकला आणि प्रत्येक घरासाठी हाताने लिहिलेली एक यादी ठेवली, जिच्यात ओळीला एक फाइल असते आणि ओळीच्या आरंभी जाळीचे चिन्ह घातले की ते गाणे तात्पुरते गप्प होते. काकड्याला तर यादीशिवाय गत्यंतरच नव्हते, कारण त्याला क्रम आहे: काकड आरतीचे अभंग, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगुळ, गवळणी आणि शेवटी काला. गाणी पिसणारी ‘शफ’ ही आज्ञा हा क्रम उधळून लावते आणि वर्णानुक्रम लावणारी ‘सॉर्ट’ आंधळ्याला काकड आरतीच्या आधी उभे करते. फाइलींना क्रमांक द्यावेत तर साध्या क्रमवारीत १० हा २ च्या आधी येतो. त्यासाठी ‘सॉर्ट’मध्ये सोय आहे खरी, पण ती रोमन लिपीसोबत वापरल्या जाणाऱ्या अंकांपुरती, देवनागरी अंक तिला अंक वाटतच नाहीत.

यादी वाचणाऱ्या आवर्तनाविषयी दोन गोष्टी नोंदवण्याजोग्या आहेत. आवर्तन यादीतून एकेक ओळ घेऊन ती वाजवण्यास देते, परंतु वाजवणारे काही प्रोग्राम कळफलकावरील हुकुमांची वाट पाहत त्याच प्रवाहातून वाचू लागतात आणि उरलेली यादी गिळून टाकतात, म्हणून एक गाणे झाले की सारे शांत होते. प्रोग्रामचे वाचनाचे तोंड रिकाम्या उपकरणाकडे वळवले की हा दोष जातो. दुसरे असे की विंडोजवर दुरुस्त केलेल्या यादीच्या प्रत्येक ओळीअखेर एक अदृश्य चिन्ह चिकटते आणि डोळ्यांसमोर असलेली फाइल ‘सापडत नाही’ असे उत्तर मिळते. ते चिन्ह खरवडून काढणारी एक ओळ स्क्रिप्टच्या आरंभीच घातली.

राहिली वेळ. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकास मनाई आहे, आणि काकड्याची खरी वेळ नेमकी त्या मनाईत पडते. त्यामुळे सहापूर्वी आवाज घरातल्या छोट्या स्पीकरपुरता ठेवायचा आणि अंगणातला स्पीकर सहानंतरच उघडायचा, अशी अट स्क्रिप्टमध्ये आहे. ठरल्या वेळी काम सुरू करणारी ‘क्रॉन’ ही व्यवस्था मात्र घड्याळावर विसंबते. दौंडच्या घरात वापरलेल्या रास्पबेरी पाय या लहान संगणकाच्या त्या आवृत्तीत बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही, वीज गेली आणि परतताना इंटरनेट नसले तर तो शेवटी नोंदवलेल्या वेळेपासूनच पुढे मोजू लागतो, आणि भारनियमनाच्या दिवसांत हे वारंवार घडते. त्यासाठी, वेळ जाळ्यावरून जुळल्याची खूण मिळेपर्यंत क्रॉनने काहीही वाजवू नये असे बंधन घातले. वेळ जुळली नाही तर घरातले कोणीतरी कळ दाबून काकडा सुरू करते, आणि अंगणातला स्पीकर त्या दिवशी बंदच राहतो.